ऊर्जेच्या ताळेबंदात न दिसणारा तोटा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनानिमित्त १४ डिसेंबरला आपल्या दैनिकाने काढलेली विशेष पुरवणी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. जिल्हा पातळीवरच्या वृत्तपत्राने या विषयासाठी चार पाने द्यावीत, ही मनापासून अभिनंदन करण्यासारखी गोष्ट आहे. मात्र पुरवणीतल्या दोन विधानांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. ऊर्जा वापरली की संपते, असे एका लेखात म्हटले आहे. एंट्रॉपी म्हणजे अव्यवस्था आणि ती वाढत असल्यामुळे निसर्गातले सगळे शेवटी मोडीत निघते, असे दुसऱ्या लेखात म्हटले आहे. पहिले विधान चुकीचे आहे आणि दुसरे अर्धवट आहे. या दोन्हींच्या मधे उष्मागतिकीची, म्हणजे उष्णता आणि काम यांच्या शास्त्राची, जी शाखा आहे, म्हणजे परत न फिरणाऱ्या, शास्त्रीय भाषेत अव्युत्क्रमी, प्रक्रियांची उष्मागतिकी, तिचा पुरवणीत उल्लेखही नाही. सांगली जिल्ह्यातल्या गुऱ्हाळांना, बेदाण्याच्या शेडना, साखर कारखान्यांना आणि उपसा सिंचनाच्या पाइपलाइनींना सर्वांत जास्त उपयोग होईल अशी शाखा हीच आहे, म्हणून हे पत्र थोडे लांबणार आहे.

मी एकतीस गळीत हंगाम साखर कारखान्यांच्या बॉयलिंग हाऊसमध्ये काढले आहेत आणि निवृत्तीनंतर गेली सहा वर्षे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पाहुणा शिक्षक म्हणून शिकवतो आहे. त्यामुळे पुढचे लिखाण पुस्तकी वाटले तरी त्यातला बराचसा भाग वाफेजवळ उभे राहून शिकलेला आहे.

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी मला त्याच्या अन्नप्रक्रिया कारखान्यात घेऊन गेला. तिथला बॉयलर १० बार निरपेक्ष दाबाची वाफ तयार करतो, पण प्रक्रियेला २ बारची वाफ पुरते. म्हणून मुख्य वाहिनीवर दाब उतरवणारा व्हॉल्व्ह, ज्याला आपल्याकडे सगळे पीआरव्ही म्हणतात, बसवलेला आहे. त्याच्या जवळ उभे राहिले की बोललेले ऐकू येत नाही, इतक्या कर्कश आवाजात वाफ त्यातून जाते. कारखान्याने नुकतेच बाहेरच्या संस्थेकडून ऊर्जा लेखापरीक्षण करून घेतले होते. त्या अहवालात या व्हॉल्व्हसमोर आत येणारी उष्णता, बाहेर जाणारी उष्णता आणि फरक असे तीन रकाने होते, आणि फरकाच्या रकान्यात शून्य लिहिलेले होते. तेवढ्यापुरता तो आकडा बरोबरही होता, कारण अशा व्हॉल्व्हमधून जाताना वाफेची एन्थाल्पी, म्हणजे तिच्यातला उष्णतेचा साठा, बदलत नाही. पण त्या वाफेकडून जे काम करून घेता आले असते, त्यातले दर किलोमागे सुमारे २१० किलोज्यूल त्या फुटभर लांबीच्या ओतीव नगात कायमचे नासत होते. ताशी एक टन वाफ धरली तर हा हिशेब जवळपास ५८ किलोवॅट होतो. तिथे पीआरव्हीऐवजी छोटी टर्बाइन बसवली आणि त्यातले निम्मेच हाती लागले, तरी कारखान्याच्या बऱ्याचशा मोटारी त्यावर चालतील. अर्थात तेवढे काम काढून घेतले की वाफेतली उष्णता तितकीच कमी होणार आणि बॉयलरला थोडे जादा जळण लागणार. पण त्या जादा जळणाची जवळपास सगळी उष्णता विजेच्या रूपाने परत मिळते, जे कोणत्याही औष्णिक वीज केंद्राला साधत नाही. अहवाल लिहिणाऱ्याची बेरीज-वजाबाकी चुकली नव्हती, त्याच्या तक्त्यात एक रकाना कमी होता.

हा रकाना कसा भरायचा, हे विज्ञानाला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८६५ मध्ये एंट्रॉपी, म्हणजे ऊर्जा किती विखुरली आणि कामाला किती निरुपयोगी झाली याचे माप, हा शब्द घडवला आणि विश्वातली ऊर्जा कायम राहते, एंट्रॉपी मात्र वाढत जाते, अशी दोन वाक्यांत उष्मागतिकी मांडली. तिचे पहिला आणि दुसरा नियम ते हेच. पुढे १८८९ मध्ये फ्रान्सच्या गुई यांनी, आणि नंतर झुरिकला वाफेच्या टर्बाइन शिकवणाऱ्या स्टोडोला यांनी, अभियंत्याच्या उपयोगाचे सूत्र दिले. ज्या ठिकाणी जितकी नवी एंट्रॉपी निर्माण होते, तिला भोवतालच्या निरपेक्ष, म्हणजे केल्विनमध्ये (सेल्सियस अधिक २७३) मोजलेल्या, तापमानाने गुणले की त्या ठिकाणी किती काम नासले ते मिळते. या सूत्राचे मोल असे की ते तोट्याचा पत्ता सांगते. एकूण किती गेले एवढेच नव्हे, तर कोणत्या नळीत, कोणत्या भांड्यात, कोणत्या व्हॉल्व्हमध्ये किती गेले, हे वेगवेगळे काढता येते.

गुऱ्हाळाचे उदाहरण घेतो, कारण ते आपल्या सर्वांच्या पाहण्यातले आहे. चुलवाणात वाळलेले चिपाड ढकलणारा गडी, वर काहिलीत उसळणारा रस, मळी काढणारा माणूस आणि पाक बोटावर घेऊन त्याची गोळी पाहणारा गुळव्या, हे चित्र हंगामात शिराळ्यापासून मिरजेपर्यंत कुठेही दिसते. जाळाचे तापमान १२०० केल्विन आणि रसाचे ३८० केल्विन धरू. जाळाकडून रसाकडे १००० किलोज्यूल उष्णता गेली आणि वाटेत एक ज्यूलही सांडला नाही, असेही मानू. ही उष्णता जाळापाशी होती तेव्हा, भोवतालचे तापमान ३०० केल्विन असताना, तिच्याकडून जास्तीत जास्त ७५० किलोज्यूल काम घेता आले असते. तीच उष्णता रसात पोहोचल्यावर हा आकडा २१० वर येतो. मधले ५४० किलोज्यूल काहिलीच्या पत्र्याच्या दोन बाजूंमध्ये, आवाज न होता, धूर न निघता, नाहीसे झाले. ऊर्जेचा ताळेबंद मात्र पैशाला पैसा जुळलेला असतो. धुराड्यातून जाणारी उष्णता आणि चुलवाणाच्या भिंतीतून झिरपणारी उष्णता यांवर आपण लिहितो, बोलतो, उपायही करतो, पण सर्वांत मोठी गळती भांड्याच्या तळाशी आहे, हे एंट्रॉपीचा हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही.

असे का होते, हे सांगण्यासाठी मी वर्गात दोन साधे मराठी शब्द वापरतो : ओढ आणि ओघ. दोन ठिकाणच्या तापमानांत फरक असला की उष्णतेला ओढ लागते आणि उष्णतेचा ओघ सुरू होतो. विद्युतदाबात फरक असला की विजेचा ओघ, साखरेच्या किंवा मिठाच्या प्रमाणात फरक असला की विसरणाचा, म्हणजे दाटीकडून विरळाकडे पसरण्याचा, ओघ. फुरिए यांनी १८२२ मध्ये उष्णतेसाठी, ओम यांनी १८२७ मध्ये विजेसाठी आणि फिक यांनी १८५५ मध्ये विसरणासाठी जे नियम दिले, त्या तिन्हींचा गाभा एकच आहे : ओढ फार मोठी नसेल तर ओघ ओढीच्या प्रमाणात असतो. आणि दर क्षणाला निर्माण होणारी एंट्रॉपी म्हणजे ओढ आणि ओघ यांचा गुणाकार.

या गुणाकारात एक मोठी व्यावहारिक गोष्ट दडलेली आहे. वाट तीच ठेवून ओढ निम्मी केली तर ओघही निम्मा होतो, म्हणजे एंट्रॉपी एक चतुर्थांश वेगाने निर्माण होते. तेवढेच काम उरकायला वेळ दुप्पट लागतो, म्हणून एकूण तोटा निम्मा होतो. याचा सरळ अर्थ असा की घाईची किंमत असते आणि ती किंमत मोजता येते. पण घाई करायची असेल तर ओढ वाढवणे हा एकच मार्ग नाही. वाट मोकळी करता येते. ओढ तेवढीच ठेवून वाट दुप्पट मोकळी केली, तर काम निम्म्या वेळात होते आणि एकूण तोटा एका कणानेही वाढत नाही. माझ्या मते परत न फिरणाऱ्या प्रक्रियांच्या शास्त्रातून कारखानदाराने आणि शेतकऱ्याने घेण्यासारखे सर्वांत मोलाचे काही असेल तर ते हेच आहे.

साखर कारखान्यातले बाष्पक, ज्यांना आम्ही क्वाड म्हणतो, याच विचारावर उभे आहेत. पहिल्या बॉडीत, म्हणजे पहिल्या बंद भांड्यात, वाफेने रस उकळतो, त्या रसातून निघालेली वाफ दुसऱ्या बॉडीतला रस उकळते, तिची तिसऱ्या आणि तिसरीची चौथ्या. प्रत्येक पुढच्या बॉडीत दाब कमी असतो आणि शेवटची बॉडी निर्वाताखाली साधारण ५५ ते ६० अंश सेल्सियसला उकळते. काहिलीत शेकडो अंशांची एकच उडी असते, तर इथे ती थोड्या थोड्या अंशांच्या चार पायऱ्यांत वाटलेली असते, म्हणून एक किलो वाफ एक किलोऐवजी चार किलोंच्या आसपास पाणी उडवते. ही युक्ती न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिलियू या मिश्रवंशीय अभियंत्याची. त्यांचे एकस्वाधिकार (पेटंट) १८४३ आणि १८४६ चे आहेत, म्हणजे एंट्रॉपी हा शब्द जन्माला येण्याच्या वीस वर्षे आधीचे. हंगाम चालू असताना क्वाडच्या नळ्यांत क्षारांचे स्केल बसत जाते. आम्ही नळीत बोट फिरवून पाहायचो, तेव्हा खरखरीत, करड्या रंगाचा पातळ पापुद्रा नखाखाली यायचा. तेवढ्या पापुद्र्याने उष्णतेची वाट अडते. मग गाळप कमी होऊ नये म्हणून पाळीवरचा माणूस वाफेचा दाब वाढवतो, म्हणजे वाट अडली म्हणून ओढ वाढवतो, आणि जळणाचा खर्च कुणाच्याही नकळत चढत जातो. नळ्या साफ करण्यासाठी गाळप थांबवले की होणारे नुकसान सर्वांना दिसते, स्केलमुळे रोज होणारे नुकसान कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

तासगाव, मणेराजुरी, सावळज भागातली बेदाणा शेड हे याहून सुंदर उदाहरण आहे. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळीच्या रॅकवर सावलीत पसरतात, आणि साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. ताज्या द्राक्षात ८० टक्के आणि बेदाण्यात १६ टक्के पाणी धरले तर १०० किलो द्राक्षांतून सुमारे ७६ किलो पाणी उडते आणि २४ किलो बेदाणा उरतो. एवढे पाणी उडायला जी उष्णता लागते ती सुमारे ५१ युनिट विजेइतकी आहे. ती हवेतून येते आणि वाफेबरोबर हवेतच परत जाते, त्यामुळे ऊर्जेच्या ताळेबंदात या शेडचा जमाखर्च जवळपास कोरा दिसतो. मग द्राक्षे वाळवली कुणी? हवेच्या कोरडेपणाने. हवा ३२ अंशांची असून तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल, तर तिच्यात एक किलो पाणी मुरताना सुमारे १७० किलोज्यूल कामाची क्षमता खर्ची पडते. ७६ किलोंसाठी हा खर्च साधारण साडेतीन युनिटांचा होतो. हा शेतकऱ्याला निसर्गाने दिलेला खरा ऐवज आहे. अवकाळी पावसाचे ढग आले आणि आर्द्रता चढली की हवेतली उष्णता तेवढीच असूनही हा ऐवज नाहीसा होतो, आणि वाळत आलेला माल उलटा ओल धरू लागतो. अशा वेळी शेडमध्ये नुसती विजेची कॉइल लावून पाणी उडवायचे म्हटले तर ५१ युनिटांच्या वरच खर्च येणार. ओल काढून घेऊन तीच उष्णता पुन्हा फिरवणारा उष्णता-पंप तेच काम बऱ्याच कमी विजेत करतो, कारण तो उष्णता विकत घेत नाही, कोरडेपणा तयार करतो.

आणि द्राक्षे त्या पाण्यात बुडवायची, म्हणजे डिपिंग करायचे, ते कशासाठी, याचेही उत्तर याच शास्त्रात आहे. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो आणि आतल्या पाण्याची वाट तो अडवतो. डिपिंगने तो थर मोडतो. बाहेरची हवा तीच, आतला रस तोच, म्हणजे ओढ जशीच्या तशी राहते, फक्त वाट मोकळी होते. दिवस वाचतात आणि दर किलोमागचा उष्मागतिक खर्च वाढत नाही. आमच्या भागातला बागायतदार हे दर हंगामात स्वतःच्या हाताने करतो, आणि त्याचाच मुलगा महाविद्यालयात एंट्रॉपी म्हणजे अव्यवस्था एवढे पाठ करून परीक्षा देतो, याचे मला वाईट वाटते.

पाइपलाइनीविषयी थोडक्यात लिहितो. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या वीजबिलाची चर्चा आपल्या पानांवर नेहमी असते. पाणी चढवायला लागणारे काम टाळता येत नाही, पाइपातल्या घर्षणाचे काम मात्र संपूर्ण नासते. पाइपातला खळाळता प्रवाह वर सांगितलेला ओढ-ओघाचा सरळ नियम पाळत नाही. तिथे घर्षणाचा तोटा साधारणपणे वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून घाईची शिक्षा आणखी कडक असते. तेवढेच पाणी तीन इंची पाइपाऐवजी चार इंची पाइपातून नेले तर घर्षणात जाणारा दाब सव्वाचार पटींनी कमी होतो. पाइप घेताना दुकानात वाचवलेले पैसे पुढची पंधरा वर्षे मीटरवर मोजावे लागतात, हे शेतकऱ्याला कुणीतरी आकड्यांत सांगायला हवे.

आता शिक्षणाविषयी. साडी कार्नो यांनी १८२४ मध्ये, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, आदर्श इंजिनाचा विचार मांडला आणि त्यावरच उष्मागतिकीची इमारत उभी राहिली. कार्नोचे चक्र शिकवलेच पाहिजे. पण ते इंजिन अनंत सावकाश चालते आणि म्हणून त्यातून काहीही शक्ती मिळत नाही, हे वाक्य मी शिकवतो त्या वर्गांत बहुतेक मुलांनी आधी ऐकलेले नसते. कर्झन आणि आलबोर्न यांनी १९७५ मध्ये उलटा प्रश्न विचारला : इंजिनाने जास्तीत जास्त शक्ती द्यावी असे ठरवले तर त्याची कार्यक्षमता किती राहील? त्यांच्या उत्तरात दोन तापमानांच्या गुणोत्तराऐवजी त्या गुणोत्तराचे वर्गमूळ येते. ब्रिटनच्या वेस्ट थरॉक येथील कोळशाच्या वीज केंद्राला, ५६५ आणि २५ अंश सेल्सियस या तापमानांमध्ये, कार्नोचे सूत्र ६४ टक्के देते, कर्झन-आलबोर्न यांचे ४० टक्के, आणि प्रत्यक्ष मोजलेली कार्यक्षमता ३६ टक्के होती. हे सूत्र काही गृहीतकांवर उभे आहे आणि ते सगळीकडे लागू पडत नाही. तरी वेळ हिशेबात घेतला की सिद्धान्त वास्तवाच्या किती जवळ येतो, हे दाखवायला विद्यार्थ्यांसाठी याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

या शाखेचा खरा कळस म्हणजे लार्स ऑनसागर यांचे काम, आणि त्याविषयी चार ओळी जास्त लिहिण्याची परवानगी घेतो. दोन वेगळ्या धातूंच्या जोडांची तापमाने वेगळी ठेवली की वीज वाहते, हे झेबेक यांनी १८२१ मध्ये पाहिले. भट्टीचे तापमान मोजणारे थर्मोकपल त्यावरच चालते. उलट, अशा जोडातून वीज सोडली तर एक जोड गार आणि दुसरा गरम होतो, हे पेल्तिए यांनी १८३४ मध्ये पाहिले. या दोन परिणामांमध्ये ठरावीक नाते आहे, असे केल्विन यांनी १८५४ मध्ये सांगितले. नाते खरे ठरले, पण ते मिळवताना उष्णतेचे न परतणारे वहन त्यांना बाजूला ठेवावे लागले होते, आणि आपले हे गृहीतक पक्क्या पायावर नाही याची त्यांना स्वतःला जाणीव होती. पुढची सत्त्याहत्तर वर्षे ते तसेच राहिले. १९३१ मध्ये ऑनसागर यांनी दाखवले की समतोलाजवळ, म्हणजे ओढी अगदी लहान असताना, कितीही ओढी आणि ओघ एकमेकांत गुंतलेले असोत, पहिल्या ओढीमुळे दुसरा ओघ ज्या गुणकाने वाहतो, त्याच गुणकाने दुसऱ्या ओढीमुळे पहिला ओघ वाहतो. याचे कारण त्यांनी रेणूंच्या हालचालीत शोधले. समतोलात एखाद्या रेणूच्या प्रवासाचे चित्रीकरण उलटे चालवले तरी तो प्रवास तितकाच संभवनीय असतो. मागे-पुढे सारख्याच चालणाऱ्या रेणूंच्या जगातून, मागे कधीच न फिरणाऱ्या उष्णतेसाठी नियम मिळावा, यातले सौंदर्य मला आजही शिकवताना थांबायला लावते. ऑनसागर ज्या नॉर्वेजियन संस्थेत शिकले, तिने हे काम डॉक्टरेटसाठी पुरेसे मानले नाही. १९६८ मध्ये याच कामासाठी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७७ मध्ये निघालेली व्हॉयेजर याने आजही ज्या विजेवर पृथ्वीशी बोलतात, ती प्लुटोनियमच्या उष्णतेपासून थर्मोकपलसारख्या जोडांनीच तयार होते.

पुरवणीतल्या दुसऱ्या विधानाकडे, म्हणजे अव्यवस्थेकडे, येतो. वाचकांनी घरी एक प्रयोग करून पाहावा. सपाट तळाच्या, जाड बुडाच्या तव्यात शेंगतेलाचा दोन-तीन मिलिमीटरचा थर घ्यावा, त्यात अगदी चिमूटभर बारीक दळलेली हळद ढवळावी आणि तवा मंद आचेवर ठेवून शांतपणे पाहावे. आधी काहीच होत नाही, पिवळा गढूळपणा सगळीकडे सारखा असतो. मग एका क्षणी तेलात फिकट आणि गडद रेषा उमटू लागतात आणि हळदीचे कण ओळीने सरकून मधमाशीच्या पोळ्यासारखी घरे बांधतात. प्रत्येक घर थराच्या जाडीच्या साधारण तिप्पट रुंदीचे असते, मधून तेल वर येते आणि कडेने खाली जाते. गॅस बंद केला की थोड्या वेळात घरे विस्कटतात. आँरी बेनार यांनी असेच षट्कोन १९०० मध्ये पाहिले होते. मूळच्या मॉस्कोच्या आणि ब्रसेल्सला काम केलेल्या इल्या प्रिगोजीन यांनी पुढे दाखवले की समतोलापासून पुरेसे दूर गेले की उष्णतेच्या सततच्या ओघावर अशा रचना उभ्या राहू शकतात आणि टिकू शकतात. त्यांना १९७७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सोव्हिएत रशियात बेलौसोव यांना १९५० च्या दशकात आलटून पालटून रंग बदलणारे रासायनिक मिश्रण सापडले, तेव्हा असे होऊच शकत नाही म्हणून त्यांचा निबंध नाकारला गेला होता, कारण त्या काळी तज्ज्ञांनाही दुसरा नियम म्हणजे सगळे एकसारखे मळून जाणे, एवढेच वाटत होते.

तव्यातल्या षट्कोनांनी दुसरा नियम मोडलेला नसतो. आत रचना उभी राहते तेव्हा बाहेर त्याहून अधिक एंट्रॉपी टाकली जाते. आपली पृथ्वीही हेच करते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५८०० केल्विन आहे, तर पृथ्वी अवकाशात जे प्रारण सोडते ते सरासरी २५५ केल्विनचे आहे. येते आणि जाते ती ऊर्जा जवळपास सारखीच, पण सूर्याकडून आलेल्या प्रकाशाच्या एका कणाच्या बदल्यात पृथ्वी अवरक्त प्रारणाचे सुमारे वीस कण परत पाठवते. या फरकावर ऊस वाढतो, द्राक्ष भरते आणि आपण जगतो. त्यामुळे सगळे मोडीत निघणार, असे मुलांना शिकवण्याआधी थोडे थांबावे, अशी माझी लेखकांना विनंती आहे.

या शास्त्राचे इतर उपयोग बरेच आहेत, ते नुसते नोंदवतो. पडद्यातून पाणी आणि क्षार एकत्र कसे वाहतात, याची केडेम आणि काचाल्स्की यांनी १९५८ मध्ये मांडलेली समीकरणे डायलिसिसच्या आणि आरओ यंत्रांच्या अभ्यासात आजही वापरली जातात. न परतणाऱ्या प्रक्रियेत खर्चलेल्या कामावरून समतोलातल्या ऊर्जेचा फरक काढून देणारे, यार्झिन्स्की यांनी १९९७ मध्ये दिलेले समीकरण आरएनएचा एकेक रेणू ताणून तपासले गेले. आणि आपल्या कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी पाहिल्या की मिसळणे किती सोपे आणि वेगळे करणे किती महाग, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

मागण्या फार नाहीत. जिल्ह्यातल्या कारखान्यांनी ऊर्जा लेखापरीक्षण करून घेताना, ते करणाऱ्या संस्थेकडून प्रत्येक यंत्रापुढे नासलेल्या कामाचा रकाना लिहून मागावा. त्यासाठी नवी उपकरणे लागत नाहीत, तापमान, दाब आणि वाफेचे तक्ते एवढेच पुरते. आपल्या महाविद्यालयांनी कार्नोच्या प्रकरणानंतर निदान चार तास ओढ, ओघ आणि एंट्रॉपीची निर्मिती यांना द्यावेत, आणि प्रयोग म्हणून मुलांना गुऱ्हाळावर किंवा शेडमध्ये न्यावे. आणि आपल्या पुरवणीत पुढच्या वर्षी ऊर्जा संपते असे न लिहिता, तिच्याकडून काम घेण्याची क्षमता संपते असे लिहावे.

माझ्याकडे दोन थर्मोकपल, एक आर्द्रतामापक आणि काहिलीच्या हिशेबाचे मराठीत लिहिलेले बारा पानी टिपण आहे. जानेवारीअखेरपर्यंत गुऱ्हाळे चालू असतील आणि त्यामागोमाग शेड सुरू होतील. ज्या शिक्षकांना आपल्या विद्यार्थ्यांसह मोजमाप करायचे असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा, मी साहित्य घेऊन येईन. त्या अन्नप्रक्रिया कारखान्यातल्या विद्यार्थ्यानेही पीआरव्हीच्या दोन्ही बाजूंची महिनाभराची दाबाची आणि तापमानाची नोंद पाठवण्याचे कबूल केले आहे. कारखान्याने परवानगी दिली तर तो हिशेब, नाव न छापता, आपल्याकडे प्रसिद्धीसाठी पाठवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त साखर तंत्रज्ञ
विश्रामबाग, सांगली